एका वर्षाने मोठी

माझी मुलगी कागदावर एका वर्षाने मोठी आहे. ते वर्ष तिला मी दिलं.

ती घरीच जन्मली, मागच्या खोलीत, शेजारच्या सुईणीच्या हातांवर. सुईण पुढे वारली. जन्माची नोंद करायची असते हे तेव्हा आमच्या गल्लीत कोणाच्या डोक्यातच नव्हतं. शाळेत घालताना जी तारीख लिहिली, तीच माणसाची तारीख. शाळेला सहा पूर्ण लागायची आणि हिला पाचच झाली होती. तिचे बाबा मालट्रकवर, आठवड्यातला दीड दिवस घरी. मी इस्पितळाच्या कपडेखोलीत, फाटक्या चादरींना ठिगळं लावायला. पोरीला कपड्यांच्या गाठोड्यांवर झोपवून मी मशीन चालवायची, आणि ती जागी झाली की गाठोड्यांच्या मागे दडून बसायची. एकदा तर ती धुण्याच्या गाडीतून धुलाईघरापर्यंत जाऊन आली. त्या दिवशी मुकादमाने मला बजावलं, 'बाई, उद्यापासून एक तर तुम्ही या, नाहीतर ती येईल. दोघी नकोत.'

म्हणून मी मोठ्या सरांकडे गेले. ते शाळेचे मुख्याध्यापक. सगळी गल्ली त्यांना मोठे सर म्हणायची. भल्या माणसाचा चेहरा, हळू आवाज, मोत्यासारखं अक्षर.

'पाच?' ते म्हणाले. 'मग सहा लिहा की. एका वर्षाने काय आभाळ कोसळतंय?' त्यांनी अर्ज माझ्यापुढे सरकवला आणि पेनाचं टोपण काढून पेन हातात दिलं. 'तुम्हीच लिहा. मुलाची तारीख आईला ठाऊक, आम्हाला काय कळणार?'

मी देवाला भिऊन राहणारी बाई. सकाळी उठल्यावर पहिला तास बोलायचं नाही, देवाचं नाव घ्यायचं, मग तोंडातून पहिला शब्द काढायचा, असा माझा नेम लग्नाआधीपासूनचा. जीभ ताब्यात राहावी, खोटं निघू नये, म्हणून तो घेतला होता. त्या दिवशी जिभेने मी काहीच बोलले नाही. नुसतं लिहिलं आणि खाली सही केली. तेव्हा मला त्यात फरक वाटला होता.

वर्गात ती सगळ्यांत लहान, म्हणून पोरं तिला टिल्ली म्हणायला लागली. पुढे मास्तरही म्हणायला लागले, आणि मग आम्हीही.

आता टिल्ली दातांच्या कारखान्यात कामाला आहे. दवाखान्यातून डॉक्टर रुग्णाच्या जबड्याचा ठसा पाठवतात, त्यात ही प्लास्टर ओतते, साचा काढते, मेणाच्या हिरडीवर एकेक दात बसवते. हात इतका हलका की मालक नवीन मुलींना म्हणतो, 'टिल्लीकडे बघा, ती दात लावत नाही, दात रुजवते.' बापाच्या माघारी तिनेच घर सावरलं. लग्नाचा विषय काढला की म्हणायची, 'आई, दिवसभर लोकांच्या जबड्यांत असते, घरी आणि कशाला एक तोंड हवं?' मी हसायची. मला वाटायचं, पोरगी विनोदी आहे.

चार महिन्यांपूर्वी ती कामावर जायची थांबली. एक दिवस, दोन दिवस, तीन. ताप नाही, खोकला नाही. भिंतीकडे तोंड करून पडलेली. चौथ्या दिवशी दुपारी मी कामावरून लवकर आले, तिच्या पायथ्याशी बसले आणि म्हटलं, 'मालक ओरडला का?'

'नाही.'

'मग काय झालं ते सांग तरी.'

'एक ठसा आला होता,' ती म्हणाली. 'वरचा-खालचा, अख्खी कवळी. चिठ्ठीवर नाव होतं.'

मोठ्या सरांचं नाव होतं.

चौथीत असताना ते हिला शाळा सुटल्यावर वह्या तपासायला थांबवून घ्यायचे. मला केवढा अभिमान होता त्याचा! शेजारणीला सांगत होते मी, आमच्या टिल्लीचं अक्षर मोठ्या सरांना आवडतं म्हणून. जुन्या हजेरीपटांची एक खोली होती शाळेच्या मागे. पुढे काय झालं ते तिने मला एकदाच सांगितलं, आणि एकदाच पुरे. ते मी इथे लिहिणार नाही. वर्षभर चाललं, एवढंच लिहिते.

मग मी विचारलं, जे कोणीही विचारेल आणि कोणीही विचारू नये ते, 'मला का नाही सांगितलंस गं?'

ती उठून बसली. रागावली नव्हती. आठवून सांगावं तसं म्हणाली, 'आले होते की सांगायला. सकाळी. तू देवाजवळ बसली होतीस. मी आई म्हटलं, तू डोळे न उघडता बोट उचललंस. असं.' तिने आपलं बोट उचलून दाखवलं. 'मी थांबले थोडा वेळ. मग शाळेची घंटा झाली.'

मला ती सकाळ आठवत नाही. अशा कितीतरी सकाळी मी बोट उचललं असेल. तेच मला सगळ्यात जास्त लागलं, की मला आठवतही नाही.

दुसऱ्या दिवशी मी नेमाला बसले. बसावं की नाही कळत नव्हतं, पण हाडांना दुसरं काही येत नव्हतं. मागे पाऊल वाजलं, ती खोलीत आली, काही न बोलता उभी राहिली. मी डोळे उघडले आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा नेम मोडला. 'बोल गं, बोल, मी ऐकतेय.'

ती दचकली. मग तिला हसूच आलं. 'अगं आई, किल्ली शोधतेय मी. कपाटाची.'

त्या दिवशी ती कामावर गेली. संध्याकाळी मी भीत भीत विचारलं, 'तो साचा?'

'केला.'

'तू केलास?'

'मग कोण करणार? नीट केला. नीट नाही केला तर परत येतो, पुन्हा हातात घ्यावा लागतो.' भाजी चिरता चिरता ती म्हणाली, 'आई, मला फिर्याद करायचीय.'

वकीलबाईंचं ऑफिस टायरच्या दुकानावर आहे. जिना चढताना रबराचा वास, वर गेलं की जुन्या कागदांचा. बाईंना बारमाही सर्दी. बोलताना एका हातात रुमाल, दुसऱ्या हातात पेन. त्यांनी टिल्लीचं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदा उठून दार लावून आल्या. मग तिचे कागद पाहिले. शाळा सोडल्याचा दाखला हातात घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला.

'केव्हा अठ्ठावीस झालीस तू?'

'झाले नाही अजून.'

'झालीस. पाच महिने झाले.' त्यांनी दाखला उलटा करून आमच्याकडे धरला. 'हे बघ, लहानपणी असं काही झालं असेल तर वय अठरा झाल्यापासून दहा वर्षं मुदत आहे. अठ्ठाविसावा वाढदिवस उलटला की फिर्याद घेतच नाहीत. खरी की खोटी हा प्रश्न पुढचा, तो येतच नाही. दारातूनच परत.'

'पण हे असं दहा वर्षांत विसरतं का कोणी?' मी म्हणाले.

'विसरण्याचा काय संबंध? साक्षीदार मरतात, कागद हरवतात, म्हणून मुदत ठेवतात. लोक म्हणतात कायदा गाढव असतो. गाढव बरं हो, ते निदान लाथ तरी मारतं. कायदा कारकून असतो. खिडकी बंद झाली की झाली.'

टिल्ली शांतपणे म्हणाली, 'पण मी सत्तावीसची आहे.'

बाईंनी मान वर केली. टिल्लीने माझ्याकडे पाहिलं, मग बाईंनीही. मला कपडेखोलीतल्या बेहिशेबी चादरीसारखं वाटलं, जिच्यावर कुठलाच शिक्का नसतो. मी सगळं सांगितलं. सुईण, मालट्रक, मुकादम, अर्जावर लिहिलेलं सहा.

'अहो मग इतका वेळ गप्प का बसलात!' बाई टेबलावर थाप मारून म्हणाल्या. त्यांची सर्दीसुद्धा पळाल्यासारखी झाली. 'सात महिने आहेत आपल्या हातात! आधी तारीख दुरुस्त करून घेऊ, मग फिर्याद.' त्यांनी मागच्या फळीवरून एक पुस्तक काढलं, पानं उलटली, बोट ओळीवरून सरकत गेलं, आणि एका जागी थांबलं.

'काय झालं?'

'दुरुस्तीलाही मुदत आहे. स्वतः अर्ज करायचा तर एकविसाव्या वर्षापर्यंत. त्यानंतर एकच वाट.' त्यांनी वाचून दाखवलं आणि मग साध्या भाषेत सांगितलं. जन्माचा दुसरा कागद नसेल, तर ज्याने शाळेत नोंद घेतली त्या वेळच्या मुख्याध्यापकाने लिहून द्यायचं, की नोंद चुकीची होती, खरी तारीख ही. 'हयात आहेत का ते? कोण होते तेव्हा मुख्याध्यापक?'

खाली दुकानात कोणी तरी टायरमध्ये हवा भरत होतं, तेवढाच आवाज. बाईंनी आमच्याकडे पाहिलं आणि पुस्तक मिटलं.

'अरे देवा,' त्या म्हणाल्या.

तरी त्यांनी हात टेकले नाहीत. माझं प्रतिज्ञापत्र केलं. पहिलीच्या वर्गाचा फोटो जोडला, ज्यात टिल्ली शेजारच्या मुलीच्या खांद्याला लागते. सुईणीच्या मुलाला गाठलं. तो म्हणाला, 'आई रोज कुठेना कुठे जायची, मला काय ठाऊक कोणाचं पोर कधीचं?' खरंच तर होतं त्याचं.

नोंदणी कचेरीत आमची पाळी आली तेव्हा टेबलामागचे साहेब माझं प्रतिज्ञापत्र वाचत होते. वाईट माणूस नव्हता. चष्मा कपाळावर, शर्टाच्या बाहीवर शाईचा डाग.

'ही सही तुमचीच ना, बाई?' त्यांनी शाळेचा जुना अर्ज पुढे केला. बावीस वर्षांपूर्वीची माझी सही, गोल गोल, नीट काढलेली.

'माझीच.'

'आणि ही?' प्रतिज्ञापत्रावरची.

'तीही माझीच.'

'मग तुम्ही मला सांगा. तेव्हा खोटं लिहिलंत की आता लिहिताय? दोन्हींपैकी एकदा तर लिहिलंयच.'

'तेव्हा, साहेब.'

'असं सगळेच म्हणतात. नोकरीसाठी वय वाढवणारे येतात, निवृत्ती लांबवायला कमी करणारे येतात. सगळ्यांना खरं आत्ताच आठवतं.' वकीलबाई काही बोलायला गेल्या तर त्यांनी हात वर केला. 'फोटोत मुलगी ठेंगणी आहे. ठेंगणी मुलं असतात. माझी बायको बघा.'

मागे रांगेतलं कोणीतरी हसलं. टिल्लीही हसली, सवयीने.

'मी जन्म दिलाय हिला,' मी म्हणाले. 'मला विचारा ना, काय वेळ होती, कोण होतं, किती तास लागले.'

'बाई,' ते हळूच म्हणाले, 'तुम्ही आई आहात म्हणून तर तुमचं चालत नाही.'

सहा आठवड्यांनी नकाराचं पत्र आलं. दोन ओळी. मूळ नोंद घेणाऱ्या अधिकाऱ्याचा दाखला जोडल्यास पुनर्विचार करता येईल, असं खाली छापील होतं. ते पत्र टिल्लीने वाचलं, घडी केली, आणि डब्याखाली ठेवलं. उकळत्या पातेल्याखाली ठेवतात तसं.

'झालं,' ती म्हणाली. 'सुटला तो.'

'अजून पाच महिने आहेत गं.'

'तुझ्या माझ्यात आहेत.'

मी जे केलं ते तिला न विचारता केलं. वकीलबाईंनाही सांगितलं नाही. रात्रंदिवस ती छापील ओळ माझ्या डोळ्यांपुढे होती. मला वाटलं, त्यांना कुठे ठाऊक आहे कशासाठी हवंय ते. म्हातारा माणूस, जुनी ओळख. नोकरीचं कारण सांगू. एकदा माझ्या हाताने खोटं लिहून घेतलंत, एकदा तुमच्या हाताने खरं लिहून द्या. वीस-पंचवीस दिवस मी मशीनवर बसून ते वाक्य घोकत होते. 'सर, माझ्या निवृत्तीवेतनाच्या कागदांसाठी टिल्लीची खरी तारीख लागतेय.' पायाखाली पट्टी चालायची आणि ओठांत वाक्य. शेजारच्या मशीनवरची म्हणाली, 'कसलं गं स्तोत्र पाठ करतेयस?'

एका दुपारी अर्धी रजा टाकून गेले.

ते बाहेरच्या ओट्यावर कुंड्यांना पाणी घालत होते. केस पांढरे झाले होते, पाठ वाकली होती, आवाज तोच. मला पाहून झारी खाली ठेवली.

'अरे! टिल्लीची आई ना तुम्ही? या, या.' ते हसले. दात एकसारखे, स्वच्छ, कुठे डाग नाही की फट नाही. पण मी चढले ओटा. बसले त्यांच्या समोरच्या खुर्चीवर.

आत सुनेला त्यांनी चहा सांगितला. माझी विचारपूस केली, तिचे बाबा गेल्याचं ऐकून चुकचुकले. मी घोकलेलं वाक्य म्हटलं. जीभ एकदाही अडखळली नाही. खोटं इतकं सरळ येतं हे मला ठाऊक नव्हतं.

'आठवतं ना!' ते म्हणाले. 'एवढीशी होती. पाच वर्षांची. मीच तर म्हटलं होतं तुम्हाला, सहा लिहा म्हणून. तेव्हा चालायचं तसं.' त्यांनी चष्मा घातला, आतून पॅड मागवलं, मांडीवर घेतलं. 'काय लिहायचं? मी, तत्कालीन मुख्याध्यापक...'

मी त्यांच्या हाताकडे पाहत होते. अक्षर अजून तसंच, मोत्यासारखं. एक ओळ झाली, दुसरी झाली. सदर विद्यार्थिनीच्या प्रवेशाच्या वेळी जन्मवर्षाची नोंद नजरचुकीने. देवा, मी मनात म्हणत होते, फक्त दोन ओळी आणखी. फक्त सही.

'खरी तारीख सांगा.'

मी सांगितली.

त्यांनी दिवस लिहिला, महिना लिहिला. वर्षापाशी पेन थांबलं. त्यांनी डाव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर ठेवला आणि मोजायला लागले. करंगळीची तीन पेरं, मग पुढचं बोट. ओठ हलत होते. शाळेत पाढे म्हणताना मुलांचे हलतात तसे.

'म्हणजे,' ते म्हणाले, 'अठ्ठावीस व्हायला अजून चार महिने आहेत तिला.'

अठ्ठावीस हा आकडा मी काढला नव्हता. निवृत्तीवेतनाच्या कागदाला अठ्ठावीसचं काय?

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. आम्हा दोघांनाही कळलं होतं, आणि दोघांनाही कळलं होतं की दुसऱ्याला कळलंय. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं. पॅडवरचा कागद हळूच, कडेने, अजिबात न फाटता सोडवला, चार घड्या केल्या आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला.

'कागद एकदा झाला की झाला, ताई. त्यात पुन्हा हात घालू नये.'

'सर, लिहिलंय तेवढं तरी द्या.'

'अर्धवट कागदाचा काय उपयोग?' आवाज तसाच मऊ. 'आणि मूळ अर्जावर सही तुमची आहे. माझी नाही. मी तुम्हाला सांगितलं असेल, पण लिहिलंत तुम्ही.'

मी हात पुढे केला होता. तो तसाच अधांतरी राहिला. त्या हातात सुनेने चहाचा कप दिला. सून हसतमुख होती, म्हणाली, 'साखर कमी वाटली तर सांगा हं.' आणि मी तो चहा प्याले. पूर्ण. कप तसाच ठेवून उठायचं सुचलं नाही मला. आयुष्यभर कोणाच्या घरचा कप अर्धा ठेवला नव्हता.

'टिल्ली काय करते हल्ली?' त्यांनी विचारलं.

'दातांच्या कारखान्यात आहे.'

'छान, छान. हाताचं काम. प्रामाणिक.' आणि झारी उचलून ते पुन्हा कुंड्यांकडे वळले.

रस्त्यावर येऊन मी वकीलबाईंना फोन लावला. सगळं सांगितलं, बोटांची पेरंसुद्धा.

'एकट्या गेलात?'

'हो.'

'बरोबर कोणी नाही? त्या सुनेने काही ऐकलं?'

'ती आत होती.'

'अहो, मला सांगून जायचं होतंत. मी कोणाला तरी बरोबर दिलं असतं, दारात उभं केलं असतं.' त्या रागावल्या नव्हत्या, थकल्या होत्या. 'तो माणूस अठ्ठावीस म्हणाला, मला पटतंय. मोजतोय तो, नक्की मोजतोय. पण हे सांगणार कोण? तुम्ही. आणि तुमच्या शब्दाला कचेरीत काय किंमत आहे, ते त्या साहेबांनी लेखी दिलंय आपल्याला. वर आता त्याला कळलंय आपण काय करतोय. तो कागद तर आत्ता चुलीत गेला असेल.'

'मग काही नाही?'

'ताई, मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही.'

संध्याकाळी टिल्ली आली. नखांत प्लास्टर, केसांवर त्याची पांढरी भुकटी. रोजच्यासारखी हात धुवायला गेली. मी तिच्या मागे मोरीपाशी जाऊन उभी राहिले आणि तिला पाठमोरीलाच सगळं सांगितलं. समोर येऊन सांगायचा धीर नव्हता. चहाचं तेवढं सांगितलं नाही.

तिने नळ बंद केला. ओले हात तसेच धरून उभी राहिली.

'अठ्ठावीस म्हणाला?'

'हो.'

'आपणहून?'

'पेरं मोजून.'

'मला वाटायचं,' ती सावकाश म्हणाली, 'त्याला आठवतही नसेल. इतक्या पोरी येऊन गेल्या शाळेत. त्याच्यासाठी काय, एक दुपार. साचा हातात घेतला तेव्हा तेच वाटत होतं मला, की हा जबडा कोणाच्या हातात आहे हे याच्या गावीही नाही.' ती वळली. 'म्हणजे आठवतं त्याला. माझ्या अठ्ठाविसाव्या वाढदिवसाची वाटसुद्धा बघत होता.'

मी मान हलवली.

'घाबरला का गं तो? मोजताना?'

तिच्या डोळ्यांत काहीतरी होतं. भूक म्हणू का? फिर्याद गेली, तारीख गेली, आता तिला एवढंच हवं होतं माझ्याकडून. मला दिसत होतं ते. हात कापत होता म्हणाले असते तर काय बिघडलं असतं? घाम फुटला म्हणाले असते. त्या दुपारी एक खोटं इतकं सहज बोलून आले होते, दुसरं काय जड होतं?

'नाही,' मी म्हणाले. 'घाबरला नाही. कुंड्यांना पाणी घालायला गेला.'

'बरं,' ती म्हणाली.

टॉवेल घेऊन तिने हात पुसले, एकेक बोट, नखांच्या कडांपर्यंत. मग आत जाऊन दिव्याचं बटण दाबलं आणि विचारलं, 'उद्या मला लवकर जायचंय, सातला. उठवशील ना?'

'उठवीन,' मी म्हणाले.

'हाक मार. हलवून नको उठवूस.'